किर्गिझ आणि रशियन: एका देशाच्या दोन भाषा (वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे)

मध्य आशियातील देशांच्या भाषांवरील आमच्या लेखमालेत किर्गिझस्तानविषयी एकच वाक्य आले होते: तेथे किर्गिझ ही 'राज्यभाषा' आहे आणि रशियन ही 'अधिकृत भाषा' आहे. एवढ्या एका वाक्यावर समाधान न झालेल्या वाचकांनी अनेक पत्रे पाठवली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: किर्गिझस्तानातील सर्वसामान्य माणूस दिवसभरात नेमकी कोणती भाषा बोलतो? घरी किर्गिझ आणि बाहेर रशियन अशी सरळ विभागणी असते का? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर: इतकी सरळ विभागणी फार थोड्या घरांत आढळते. आधी प्रदेश पाहावा लागतो. डोंगराळ नारिन प्रांतात जवळजवळ सगळी वस्ती किर्गिझ आहे. तेथे बाजार, शाळा, ग्रामकार्यालय आणि लग्नकार्य हे सारे किर्गिझ भाषेत चालते, आणि रशियन ही शाळेतला एक विषय म्हणून, दूरचित्रवाणीवर किंवा रशियात कामाला जाऊन आलेल्या नातलगांच्या तोंडून कानावर पडते. राजधानी बिश्केक आणि तिच्या भोवतीचा चुई प्रांत यांची कहाणी वेगळी आहे. १९२६ ते १९९१ या काळात फ्रुंझे हे नाव धारण करणारे हे शहर मुख्यतः सोव्हिएत काळात वाढले, आणि त्या राजवटीच्या अखेरीस शहरातील रहिवाशांत किर्गिझ लोक एक-चतुर्थांशाहूनही कमी होते. त्यामुळे कारखाना, विद्यापीठ, दवाखाना आणि शेजारपाजार या सगळ्यांची भाषा रशियन झाली, आणि तेथे वाढलेल्या किर्गिझ कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या घरातसुद्धा रशियनच बोलू लागल्या. दक्षिणेकडे ओश शहरात आणि फरगाना खोऱ्याच्या कडेला वसलेल्या गावांत उझ्बेक ही तिसरी भाषा येते, आणि तेथील बाजारात बसणारा विक्रेता गिऱ्हाइकाचा चेहरा व पेहराव पाहून तिन्हींपैकी एक भाषा निवडतो.

आता बिश्केकमधील एखाद्या कामकरी माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी तो 'मार्शरूत्का' म्हणजे ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या छोट्या बसमध्ये चढतो. उतरताना चालकाला थांबा सांगायचा असतो, तो कोणी 'आयालदामादान तोक्तोतुप कोयुंगुझ्चू' असे किर्गिझमध्ये सांगतो, तर कोणी 'ना अस्तानोव्के' एवढेच रशियनमध्ये म्हणतो. चालकाला दोन्ही कळते आणि कोणालाही त्यात काही विशेष वाटत नाही. कचेरीत सहकाऱ्यांशी गप्पा किर्गिझमध्ये होतात, पण हिशेबाचा तक्ता, करारनामा किंवा संगणकातील बिघाड यांविषयी बोलणे सुरू झाले की वाक्ये रशियन होऊ लागतात, कारण त्या कामाचे शिक्षण त्याने रशियनमधून घेतलेले असते. मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे गेल्यास गाडीच्या भागांची नावे रशियनच ऐकू येतात, मग तो कारागीर दूरच्या खेड्यातला का असेना. किंमत सांगताना किंवा दूरध्वनी क्रमांक देताना एरवी अस्खलित किर्गिझ बोलणारी अनेक माणसे रशियन आकड्यांवर येतात. संध्याकाळी घरी आजीशी किर्गिझ, बायकोशी दोन्हींचे मिश्रण आणि मोबाइलवर रशियन कार्टून पाहत बसलेल्या मुलाशी रशियन, असा क्रम अगदी नेहमीचा आहे.

या मिश्रणाला स्वतःचे नियम आहेत. रशियन क्रियापद मूळ रूपात घेऊन त्याला 'करणे' या अर्थाचे किर्गिझ क्रियापद जोडले जाते. 'फोन करतो' या अर्थाने 'झ्वोनित एतेम', 'सुट्टी मजेत घालवली' या अर्थाने 'अद्दिखात किल्दिक' असे. मराठी वाचकाला ही घडण ताबडतोब ओळखीची वाटेल, कारण परभाषेतला शब्द उचलून त्याला 'करणे' जोडण्याची सवय आपल्याही बोलण्यात आहे. उलट दिशेनेही देवाणघेवाण होते, हे मात्र बाहेरच्या लेखनात क्वचितच सांगितले जाते. वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाइके' आणि वडीलधाऱ्या स्त्रीला 'एजे' म्हणण्याची किर्गिझ रीत बिश्केकमध्ये रशियन बोलणाऱ्यांनीही उचलली आहे. सगळे संभाषण रशियनमध्ये करणारी तरुण मुलगी दुकानातल्या बाईंना 'एजे' म्हणूनच हाक मारते, कारण नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे वाटते आणि नावापुढे वडिलांचे नाव जोडून हाक मारण्याची रशियन रीत कचेरी व शाळेबाहेर फार औपचारिक वाटते.

प्रश्न: 'राज्यभाषा' आणि 'अधिकृत भाषा' हे दोन शब्द मला एकाच अर्थाचे वाटतात. मग कायद्यात दोन वेगळे शब्द का ठेवले आहेत? (कायद्याचा एक विद्यार्थी)

उत्तर: दोन शब्द दोन वेगवेगळ्या काळांतील दोन वेगवेगळ्या गरजांतून आले आहेत. २३ सप्टेंबर १९८९ रोजी, म्हणजे देश सोव्हिएत संघात असतानाच, किर्गिझ भाषेला राज्यभाषेचा दर्जा देणारा कायदा झाला. आजही २३ सप्टेंबर हा राज्यभाषा दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याने रशियनला विविध समाजांमधील परस्परव्यवहाराची भाषा म्हटले होते. स्वातंत्र्यानंतर सरकारी कामकाज ठरावीक मुदतीत किर्गिझमध्ये आणण्याचे ठरले, पण मुदती पुनःपुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण कायदे लिहिणारे, हिशेब तपासणारे आणि वैद्यकीय अहवाल तयार करणारे अधिकारी रशियनमध्ये शिकलेले होते आणि किर्गिझमध्ये त्या विषयांची परिभाषा अजून रुळलेली नव्हती.

त्याच वर्षांत रशियन, युक्रेनियन आणि जर्मन कुटुंबे मोठ्या संख्येने देश सोडू लागली. १९८९ च्या जनगणनेत रशियन लोक लोकसंख्येच्या एक-पंचमांशाहून थोडे अधिक होते. आज ते सुमारे चार टक्के आहेत. जाणाऱ्यांमध्ये अभियंते, डॉक्टर आणि शिक्षक फार होते, आणि त्यांची उणीव लगेच भासू लागली. राष्ट्राध्यक्ष अस्कार अकायेव यांनी 'किर्गिझस्तान हे आपले सर्वांचे घर' अशी भूमिका मांडली, १९९३ मध्ये बिश्केकमध्ये किर्गिझ-रशियन स्लाव्ह विद्यापीठ सुरू झाले, मे २००० मध्ये रशियनला अधिकृत भाषा ठरवणारा कायदा झाला आणि २००१ च्या अखेरीस तो दर्जा राज्यघटनेत गेला. थोडक्यात, 'राज्यभाषा' या शब्दात राष्ट्राची ओळख आहे, तर 'अधिकृत भाषा' या शब्दात नागरिकाला त्या भाषेत अर्ज करण्याची, उत्तर मिळवण्याची आणि न्यायालयात बाजू मांडण्याची हमी आहे. नंतरच्या राज्यघटनांनी ही रचना मोडलेली नाही.

फरक कोठे जाणवतो, याचे एक ठळक उदाहरण सांगण्यासारखे आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला किर्गिझ भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, रशियनची नाही. २००० च्या निवडणुकीत प्रमुख विरोधी नेते फेलिक्स कुलोव यांनी ही परीक्षा देण्यास नकार दिला आणि ते निवडणुकीच्या रिंगणातून बाद झाले. ते स्वतः किर्गिझ होते, पण रशियन वातावरणात वाढलेल्या शहरी पिढीचे होते. त्या प्रसंगी भाषेची अट हे राजकीय हत्यार झाले, असे तेव्हा अनेकांनी म्हटले, आणि मला ते म्हणणे पटते. मात्र अट मुळातच अन्याय्य होती, असे मला वाटत नाही. देशातील बहुसंख्य लोक ज्या भाषेत आपली तक्रार मांडतात, ती भाषा देशाच्या प्रमुखाला यावी, ही अपेक्षा रास्त आहे.

प्रश्न: मी वाचले की अनेक किर्गिझ पालक मुलांना रशियन माध्यमाच्या शाळेत घालतात. ज्यांची स्वतःची भाषा राज्यभाषा झाली आहे, त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवावी, याचे मला फार वाईट वाटते. याचे कारण काय? (दोन शाळकरी मुलांचे वडील)

उत्तर: तुमची खंत मी समजू शकतो, पण त्या पालकांना दोष देण्याआधी त्यांच्यासमोर कोणते पर्याय आहेत, हे पाहायला हवे.

सोव्हिएत काळात फ्रुंझे शहरात किर्गिझ माध्यमाच्या शाळा जवळजवळ नव्हत्याच. १९३८ मध्ये सोव्हिएत संघातील सर्व बिगर-रशियन शाळांत रशियन विषय सक्तीचा झाला होता, आणि पुढच्या काही दशकांत शहरी पालकांच्या मनात असे पक्के बसले की पुढे जायचे तर रशियन शाळाच हवी. स्वातंत्र्यानंतर किर्गिझ शाळा वाढल्या आणि आज देशातील बहुसंख्य शाळा किर्गिझ माध्यमाच्या आहेत. तरीही बिश्केकमधील रशियन माध्यमाच्या शाळांत जागा मिळवण्यासाठी धडपड चालते, वर्ग खच्चून भरलेले असतात, दोन आणि काही ठिकाणी तीन पाळ्यांत शाळा भरते, आणि त्या वर्गांतील बहुतेक मुले रशियन नव्हे, तर किर्गिझ असतात.

यामागचे पहिले कारण पाठ्यपुस्तकांचे आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र यांवर रशियनमध्ये शाळेच्या पुस्तकापलीकडेही भरपूर साहित्य मिळते, सराव-संच मिळतात, ध्वनिचित्रफिती मिळतात. किर्गिझमध्ये पुस्तके अपुरी पडतात आणि विद्यार्थी पुढे विद्यापीठात गेला की संदर्भग्रंथ बहुधा रशियनच असतात. दुसरे कारण शिक्षकांचे आहे. खेड्यांत विज्ञान आणि गणिताचे शिक्षक कमी आहेत, पगार तुटपुंजे आहेत, आणि बहुतेक ग्रामीण शाळा किर्गिझ माध्यमाच्या असल्यामुळे दर्जाविषयीची तक्रार नकळत भाषेच्या माथी मारली जाते. हा अन्याय मला सर्वांत जास्त टोचतो. लांबून पायपीट करून येणाऱ्या मुलांना प्रयोगशाळा मिळत नाही, तेव्हा निकाल कमी लागण्याचा दोष किर्गिझ भाषेचा नसतो.

तिसरे कारण रोजगाराचे आहे. किर्गिझस्तानातील कामकऱ्यांचा फार मोठा भाग रशियात काम करतो, आणि त्यांनी घरी पाठवलेला पैसा काही वर्षांत देशाच्या सकल उत्पादनाच्या एक-चतुर्थांशाहूनही अधिक भरला आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये देश युरेशियन आर्थिक संघात सामील झाला, तेव्हापासून रशियात काम करण्यासाठी किर्गिझ नागरिकांना वेगळा परवाना काढावा लागत नाही. पण परवाना लागत नसला तरी भाषा लागतेच. मॉस्कोतील बांधकामावर, गोदामात किंवा टॅक्सीच्या धंद्यात ज्याला रशियन येते, त्याला बरे काम मिळते, पोलिसांशी बोलता येते, वेतन बुडवणाऱ्या मुकादमाला जाब विचारता येतो. ज्याला येत नाही, तो दुसऱ्याच्या दयेवर राहतो. नारिनमधील आई मुलाला रशियन यावी म्हणून धडपडते, तेव्हा तिच्या मनात हा हिशेब असतो. त्याला भाषेकडे पाठ फिरवणे म्हणणे मला जड जाते.

मात्र तुमच्या खंतीची दुसरी बाजूही खरी आहे. शहरात अशी किर्गिझ मुले आहेत, ज्यांना आजीशी चार वाक्ये बोलता येत नाहीत, आणि मोठी झाल्यावर त्यांना सभासमारंभांत याबद्दल हिणवले जाते. याउलट खेड्यातून शहरात आलेल्या आणि रशियन अडखळत बोलणाऱ्या मुलांना शहरी मंडळी गावंढळ ठरवतात. दोन्ही बाजूंनी होणारे हे हिणवणे कोणत्याच भाषेच्या उपयोगाचे नाही. त्यामुळे एक गट किर्गिझ बोलायला लाजतो आणि दुसरा रशियन बोलायला.

प्रश्न: किर्गिझ भाषेची लिपी रशियनचीच आहे का? ती बदलण्याचा विचार आहे, असे ऐकतो. (एक वाचक)

उत्तर: होय, लिपी सिरिलिक आहे, रशियनची ३३ अक्षरे आणि किर्गिझ ध्वनींसाठी तीन जादा अक्षरे, अशी एकूण ३६. त्याआधी अरबी लिपी होती आणि १९२४ मध्ये निघालेले पहिले किर्गिझ वृत्तपत्र 'एर्किन-तो' त्याच लिपीत छापले गेले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन लिपी आली आणि १९४० च्या सुमारास तिची जागा सिरिलिकने घेतली. एका आयुष्यात तीन लिप्या पाहिलेली पिढी तेथे होऊन गेली. किर्गिझ लेखनपद्धतीचा पाया घालणारे भाषातज्ज्ञ कासिम तिनिस्तानोव यांना तर १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीने ठार केले.

पुन्हा लॅटिनकडे जावे, असा विचार अधूनमधून मांडला जातो. एप्रिल २०२३ मध्ये राज्यभाषा आयोगाच्या अध्यक्षांनी तशी सूचना केली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष सादिर जापारोव यांनी हे बोलणे अकाली असल्याचे सांगून त्यांना समज दिली. सध्या तरी बदलाची चिन्हे नाहीत. रोजच्या वापरात त्या तीन जादा अक्षरांची अडचण मात्र अजून जाणवते. मोबाइलवर रशियन कळफलक वापरणारे लोक त्यांच्या जागी जवळची रशियन अक्षरे टंकतात आणि वाचणारा संदर्भाने अर्थ लावतो.

प्रश्न: स्वातंत्र्य मिळून तीन दशके उलटली, तरी जुन्या राज्यकर्त्यांची भाषा सांभाळत बसणे हे मानसिक गुलामीचे लक्षण नाही का? सरकारने एका फटक्यात रशियन बंद का केली नाही? (एक संतप्त वाचक)

उत्तर: एका फटक्यात भाषा बंद करणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचा विचार करून पाहा. ज्या शल्यचिकित्सकाने सारे शिक्षण रशियनमध्ये घेतले, त्याने उद्यापासून नोंदी कशा लिहायच्या? बिश्केकमधील त्या वृद्धेने, जिचे आईवडील युद्धकाळात येथे आले आणि जी येथेच जन्मली, तिने निवृत्तिवेतनाचा अर्ज कोणाकडून लिहून घ्यायचा? भाषेचा स्वाभिमान महत्त्वाचा आहे, आणि किर्गिझला सोव्हिएत काळात दुय्यम वागणूक मिळाली, हे नाकारता येत नाही. पण या दुय्यमपणाची भरपाई दुसऱ्या कोणाला मुके करून होणार नाही.

शिवाय बदल होत नाही, ही समजूतच चुकीची आहे. तो मुख्यतः लोकसंख्येमुळे होतो आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या ७० लाखांच्या जवळ पोहोचली आणि त्यांपैकी सुमारे ७७ टक्के लोक किर्गिझ आहेत. १९८९ मध्ये हे प्रमाण निम्म्याहून थोडेसेच अधिक होते. १९९० च्या दशकापासून खेड्यांतील कुटुंबे बिश्केकच्या कडेला 'नोवोस्त्रोइका' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या वसाहतींत येऊन राहू लागली आणि त्यांनी आपली भाषा सोबत आणली. ज्या शहरात एकेकाळी रस्त्यावर किर्गिझ बोलले की लोक वळून पाहत, असे वयस्कर माणसे सांगतात, त्याच शहराच्या बाजारांत, बसमध्ये आणि चहाखान्यांत आज किर्गिझ सहज ऐकू येते. विनोदी ध्वनिचित्रफिती, गाणी, चित्रपट आणि वृत्तसंकेतस्थळे किर्गिझमध्ये वाढत आहेत, आणि त्यांना प्रेक्षक मिळतो, म्हणून ती वाढत आहेत.

कायदाही मागोमाग आला आहे. जुलै २०२३ मध्ये राज्यभाषेचा नवा कायदा लागू झाला. त्यानुसार लोकप्रतिनिधी, सरकारी अधिकारी, न्यायाधीश आणि शिक्षक यांना किर्गिझचे निश्चित पातळीपर्यंतचे ज्ञान बंधनकारक झाले. ते तपासण्यासाठी 'किर्गिझतेस्त' नावाची परीक्षा आहे. दूरचित्रवाणी आणि रेडिओ यांच्या प्रसारणाचा किमान ६० टक्के भाग किर्गिझमध्ये असावा, असेही त्यात आहे. रशियनचा अधिकृत दर्जा कायम ठेवून हे केले गेले. माझे मत विचाराल तर, परीक्षा आणि टक्केवारी यांपेक्षा प्रौढांना किर्गिझ शिकवणारे चांगले वर्ग, रशियन भाषकांसाठी लिहिलेली समजण्याजोगी पुस्तके आणि विज्ञानाचे उत्तम किर्गिझ ग्रंथ यांवर खर्च झाला, तर भाषा अधिक लवकर रुजेल. रशियन शाळांत वर्षानुवर्षे किर्गिझ शिकूनही मुलांना बोलता येत नाही, अशी तक्रार तेथील पालकच करतात, आणि परीक्षेच्या सक्तीने ती तक्रार दूर होणार नाही.

प्रश्न: चिंगीझ ऐतमातोव हे किर्गिझ लेखक की रशियन? (एक ग्रंथपाल)

उत्तर: ते दोन्ही भाषांचे लेखक होते. १९२८ मध्ये तलास प्रांतातील शेकेर या गावी जन्मलेल्या ऐतमातोव यांनी सुरुवातीचे लेखन किर्गिझमध्ये केले आणि नंतर मुख्यतः रशियनमध्ये. रशियनमुळे त्यांचे वाचक जगभर पसरले, पण त्यांची माणसे, कुरणे, घोडे आणि आख्यायिका या किर्गिझ भूमीतल्याच राहिल्या. त्यांना एका बाजूला ओढण्याचा आग्रह मला निरर्थक वाटतो.

प्रश्न: माझी मुलगी बिश्केकला वैद्यकीय शिक्षणासाठी जाणार आहे. शिक्षण इंग्रजीतून आहे, असे सांगितले गेले. मग तिने किर्गिझ शिकावे की रशियन? (एक आई)

उत्तर: वर्ग इंग्रजीत असतील, पण रुग्ण इंग्रजी बोलणार नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. पहिल्या दोन वर्षांत भाषेचे जे तास असतात, ते अनेक विद्यार्थी केवळ उत्तीर्ण होण्यापुरते हजेरी लावून काढतात आणि तिसऱ्या वर्षी रुग्णालयात पाऊल ठेवल्यावर त्यांची अडचण होते. रुग्णाची हकिगत स्वतःच्या कानांनी ऐकता आली नाही, तर वैद्यकीय शिक्षणाचा अर्धा भाग निसटतो.

बिश्केकमध्ये राहायचे असेल तर आधी रशियन शिकावी. दुकान, घरमालक, प्रशासन, औषधांवरील माहिती आणि रुग्णालयातील नोंदी यांसाठी तिचा उपयोग ताबडतोब होतो, आणि शिकण्याची साधनेही मुबलक आहेत. ओशला जाणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र किर्गिझकडेही सुरुवातीपासून लक्ष द्यावे. दोन्ही ठिकाणी खेड्यातून आलेला वयस्कर रुग्ण वेदनेच्या क्षणी किर्गिझच बोलतो. 'श्तो बालीत?' म्हणजे 'काय दुखते?' हा रशियन प्रश्न आणि 'काइसी जेरिंगिझ ओरुइत?' म्हणजे 'आपल्याला कुठे दुखते?' हा किर्गिझ प्रश्न, दोन्ही पाठ असावेत आणि त्यांची येणारी उत्तरेही समजावीत.

मराठी माणसाला किर्गिझचे व्याकरण रशियनपेक्षा सोपे वाटण्याची शक्यता आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, संबंध दाखवणारे प्रत्यय नामाच्या मागे जोडले जातात आणि लिंगभेद मुळीच नाही. त्रास होतो तो स्वरांच्या मेळाचा: शब्दातील स्वर जसा असेल, तसा प्रत्ययाचा स्वर बदलतो, त्यामुळे अनेकवचनाचा एकच प्रत्यय 'तोलोर' म्हणजे डोंगर, 'कितेप्तेर' म्हणजे पुस्तके आणि 'अत्तार' म्हणजे घोडे अशी निरनिराळी रूपे घेतो. हे ऐकून ऐकून अंगवळणी पडते. आणखी एक गोष्ट मुलीला अवश्य सांगा. दोन्ही भाषांत 'तू' आणि 'तुम्ही' यांचा भेद आहे, आणि वयाने मोठ्या रुग्णाला किर्गिझमध्ये 'सेन' म्हणणे हे मराठीत अनोळखी आजोबांना 'तू' म्हणण्याइतकेच खटकते. नेहमी 'सिझ' म्हणावे. बोलण्यास आरंभ करताना 'सालामातसिझबी' आणि शेवटी 'राखमत' म्हटले, तर पुढचे संभाषण रशियनमध्ये झाले तरी रुग्णाच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला दिसतो.

प्रश्न: किर्गिझ आणि रशियन यांच्या चर्चेत इतर भाषकांचे काय होते? तेथे उझ्बेक लोक मोठ्या संख्येने आहेत ना? (समाजशास्त्राचे एक प्राध्यापक)

उत्तर: हा प्रश्न आला, याचा मला आनंद झाला, कारण दोन मोठ्या भाषांच्या चर्चेत तो नेहमीच मागे पडतो. उझ्बेक लोक लोकसंख्येच्या सुमारे १४ टक्के आहेत, म्हणजे आज रशियन लोकांच्या तिपटीहून अधिक. तरीही उझ्बेक भाषेला राष्ट्रीय पातळीवर कोणताही दर्जा नाही. याशिवाय तोकमोक आणि काराकोल या भागांत दुंगान लोक आहेत, ज्यांची चिनी कुळातील भाषा सिरिलिक लिपीत लिहिली जाते. बातकेन प्रांतात ताजिक आहेत, आणि उयघुर व तुर्क कुटुंबेही आहेत. या लहान समाजांतील बहुतेक माणसांना आपली भाषा, रशियन आणि किर्गिझ अशा तीन भाषा थोड्याफार येतातच. खरे बहुभाषक तेच आहेत, आणि भाषाधोरण ठरवताना त्यांचाच सल्ला सर्वांत कमी घेतला जातो.

उझ्बेक भाषकांची स्थिती जून २०१० नंतर अधिक कठीण झाली. ओश आणि जलालाबाद भागात किर्गिझ व उझ्बेक यांच्यात उसळलेल्या हिंसाचारात ४०० हून अधिक माणसे मारली गेली, आणि त्यांत उझ्बेक बहुसंख्य होते. त्यानंतर दक्षिणेतील उझ्बेक भाषेची खासगी दूरचित्रवाणी केंद्रे बंद पडली आणि उझ्बेक माध्यमाच्या शाळांची संख्या घटत गेली. अनेक शाळांत आधी किर्गिझ किंवा रशियन तुकड्या सुरू झाल्या आणि पुढे त्याच उरल्या. पुस्तकांचीही वेगळी अडचण आहे. शेजारच्या उझ्बेकिस्तानने १९९३ मध्ये लॅटिन लिपीकडे वळण्याचा निर्णय घेतला, तर किर्गिझस्तानातील उझ्बेक शाळा सिरिलिकमध्येच राहिल्या, त्यामुळे सीमेपलीकडील पाठ्यपुस्तके येथे सहज वापरता येत नाहीत. देशभरात २००२ पासून घेतली जाणारी विद्यापीठप्रवेशाची सामायिक परीक्षा काही काळ उझ्बेकमध्येही देता येत असे. ती सोय नंतर काढून घेण्यात आली. आता अकरा वर्षे उझ्बेकमध्ये शिकलेल्या मुलाला ती परीक्षा किर्गिझ किंवा रशियन भाषेत द्यावी लागते, आणि हे ठाऊक असल्यामुळे ओशमधील अनेक उझ्बेक पालक पहिल्या इयत्तेतच मुलाचे नाव दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत घालतात.